रमजानचा महिना आणि कारखान्याचे घड्याळ

प्रश्न थोडक्यात असा आहे. चाकण औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात तीन-साडेतीनशे माणसे तीन शिफ्टमध्ये काम करतात आणि त्यांत चाळीसएक मुस्लिम कर्मचारी आहेत. व्यवस्थापनाला यंदा रमजान सर्वांनी मिळून साजरा करावा असे वाटते, म्हणून मनुष्यबळ विभागाला एक इफ्तार ठरवायला सांगितले आहे. कॅन्टीन शाकाहारी आहे, काही जणांनी ‘हे नवीन कशाला’ असा सूर लावला आहे आणि खुद्द रोजे ठेवणाऱ्यांनीही फारसा उत्साह दाखवलेला नाही. अशा वेळी काय करावे?

रोजेदारांचा हा थंड प्रतिसाद मला अनपेक्षित वाटत नाही, म्हणून उत्तराची सुरुवात तिथूनच करतो. पुणे, पिंपरी-चिंचवड आणि रांजणगाव या पट्ट्यातल्या कारखान्यांत मनुष्यबळाचे काम करताना एक चित्र मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे. सेकंड शिफ्टची चहाची सुट्टी साडेपाचला आणि जेवणाची आठला असते. सूर्यास्त होतो पावणेसातच्या सुमारास. महिनाभर रोजेदार ऑपरेटर मशीन चालू ठेवूनच खिशातला खजूर तोंडात टाकतो, आणि मग एके संध्याकाळी त्याच माणसाला ऑफिसच्या हॉलमध्ये फलकासमोर बसवून त्याचा फोटो काढला जातो. त्या इफ्तारचे त्याला अप्रूप का वाटावे? सामूहिक इफ्तार जरूर करावा, पण तो महिन्याचा सर्वांत सोपा भाग आहे. अवघड आणि उपयोगाचा भाग घड्याळाचा आहे, आणि ते काम रमजानचा चंद्र दिसण्याआधी हातावेगळे झालेले असावे.

हिजरी, म्हणजे इस्लामी चांद्र, वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचे असल्यामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, आणि म्हणूनच मागच्या वर्षीचे परिपत्रक तारीख बदलून पुन्हा लावता येत नाही. २०२५ मध्ये भारतात पहिला रोजा २ मार्चला होता. २०२७ मध्ये महिना फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू होईल. आणि २०३० मध्ये तर जानेवारीत एकदा आणि डिसेंबरच्या अखेरीस पुन्हा एकदा, असा रमजान दोनदा सुरू होणार आहे. मार्चमध्ये पुण्यात रोजा साधारण तेरा ते साडेतेरा तासांचा असतो. महिन्याच्या सुरुवातीला सहरी, म्हणजे रोजाआधीचे खाणे, संपण्याची वेळ पहाटे पाच-चाळीसच्या आसपास असली, तर अखेरीस ती सव्वापाचपर्यंत अलीकडे येते. संध्याकाळची वेळ मात्र सात-आठ मिनिटांनीच पुढे जाते. आपल्याच कंपनीचा दुसरा कारखाना नागपूरला असेल, तर तिथे सूर्यास्त पुण्याच्या सुमारे वीस मिनिटे आधी होतो. त्यामुळे मुख्यालयातून सर्वांना एकच वेळापत्रक पाठवू नये. जवळच्या मशिदीतून छापील वेळापत्रक मिळते, ते सूचना फलकावर लावणे पुरेसे आहे.

आता सेकंड शिफ्ट. सगळ्यात साधा उपाय म्हणजे महिनाभरासाठी साडेपाचची चहाची सुट्टी सहा-चाळीसला नेणे, आणि ती सगळ्या लाइनसाठी नेणे. फक्त रोजेदारांना वेगळी दहा मिनिटे द्यायची असा प्रस्ताव उत्पादन विभागाकडून हमखास येतो आणि तो ऐकायला उदारही वाटतो, पण प्रत्यक्षात त्यातूनच कुरबुर सुरू होते. लाइनवर सात स्टेशन असतील आणि त्यांतले दोघे उठले, तर उरलेल्या पाचांसमोर माल तुंबतो, त्यांना रिलिव्हरची, म्हणजे बदली माणसाची, वाट पाहावी लागते आणि ‘यांच्यामुळे आमचे टार्गेट गेले’ हे वाक्य तिसऱ्या दिवशी कानावर येते. सुट्टी सगळ्यांची एकदम झाली, तर लाइन एकदाच थांबते आणि एकदाच सुरू होते. चहा पिणारा चहा पितो आणि रोजा सोडणारा रोजा सोडतो. सुट्टी दहा मिनिटांऐवजी पंधरा मिनिटांची करून जेवणाच्या सुट्टीतली पाच मिनिटे कमी करता येतात, म्हणजे पाणी-खजूर घेऊन मगरिबची, म्हणजे सूर्यास्तानंतरची, नमाजही त्यातच आटोपते. ती पाच-सात मिनिटांची असते. हा बदल कामगार संघटनेला लेखी कळवावा आणि रमजान संपताच पूर्ववत होईल हेही त्यात लिहावे. साडेपाचचा चहा गेल्यामुळे ज्यांची गैरसोय होते, त्यांच्यासाठी चहाची किटली त्या वेळी लाइनजवळ फिरवावी. हे ऐकायला क्षुल्लक वाटेल, पण चहा चुकला की सद्भाव टिकत नाही, हे कारखान्यात काम केलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही.

जनरल शिफ्टचा प्रश्न वेगळा आहे आणि तो ऑफिसात बसून दिसत नाही. पावणेसहाला सुटलेली कंपनीची बस तळेगाव चौकातून बाहेर पडून मोशी, भोसरी करत नाशिक फाट्याला पोहोचेपर्यंत सूर्यास्त झालेला असतो, म्हणजे या लोकांचा रोजा रोज वाहतूक कोंडीत सुटतो. बसमध्ये पाण्याच्या बाटल्या आणि खजुराचा एक डबा ठेवण्याचा खर्च इतका किरकोळ आहे की त्यासाठी मंजुरी मागायला लाज वाटावी. शक्य असल्यास महिनाभर जनरल शिफ्ट अर्धा तास आधी सुरू करून अर्धा तास आधी सोडण्याचा पर्याय, ज्याला हवा त्याला, द्यावा. हा पर्याय धर्म न विचारता खुला ठेवला, तर पाळणाघरातून मूल घेऊन जाणाऱ्या आयाही तो आनंदाने घेतील.

नमाजासाठी जागा देताना लोक खोलीचा विचार करतात आणि पाण्याचा विसरतात. खोली लहान चालते. ती स्वच्छ, कोरडी आणि चपला-बूट बाहेर ठेवता येतील अशी असली की झाले. आपल्याकडे किब्ल्याची, म्हणजे नमाज पढताना तोंड करायची, दिशा साधारण पश्चिमेची, किंचित उत्तरेकडे झुकलेली असते. भिंतीवर एक छोटी खूण करावी. खरी तक्रार येते ती वजूवरून, म्हणजे नमाजाआधी हात-पाय-तोंड धुण्यावरून. वजू करताना पाय धुवावे लागतात, शॉप फ्लोअरवरचा माणूस सेफ्टी शूज काढून उंच वॉशबेसिनमध्ये पाय धुण्याची कसरत करतो, खालची फरशी ओली होते, हाउसकीपिंगचे लोक वैतागतात आणि बेसिनवर ‘येथे पाय धुऊ नयेत’ असा कागद चिकटतो. कागद चिकटवण्याऐवजी शेजारी गुडघ्याच्या उंचीचा एक नळ, बसायला एक कट्टा आणि खाली जाळी बसवली की हा विषय कायमचा मिटतो. शुक्रवारी जुम्याची नमाज मशिदीत असते आणि तिची वेळ दुपारी एक ते दोनच्या दरम्यान येते. त्या दिवशी जेवणाची सुट्टी जोडून बाहेर जाण्याची मुभा वर्षभरच असावी, रमजानपुरती नव्हे.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळावी, ती म्हणजे रोजेदारांची यादी. कॅन्टीनला किती ताटे कमी करायची हे कळावे म्हणून एखादा उत्साही सहकारी नावानिशी तक्ता करतो, आणि मग त्या तक्त्यात नाव असलेल्या मुलीला कोणीतरी सहज विचारते, ‘आज रोजा नाही का?’ आजारी माणसाला, प्रवासात असलेल्याला, गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या स्त्रीला रोजा न ठेवण्याची सवलत आहे, आणि मासिक पाळीच्या दिवसांत स्त्रिया रोजा ठेवतच नाहीत. म्हणजे हा साधा वाटणारा प्रश्न त्या मुलीला चारचौघांत कशाचे उत्तर द्यायला लावतो, ते लक्षात घ्यावे. मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्या पन्नाशीतल्या फोरमनचीही तीच अडचण असते. शिवाय काही मुस्लिम सहकारी रोजे ठेवतच नाहीत, आणि तो सर्वस्वी त्यांचा प्रश्न आहे. कॅन्टीनच्या ठेकेदाराला नावे नकोत, आकडा हवा असतो, आणि तो पहिल्या दोन-तीन दिवसांच्या कूपनांवरून आपोआप कळतो. रोजेदारांसमोर खावे की नाही, हा संकोच बहुतेकांना पडतो. लपूनछपून खाण्याची काही गरज नसते, पण जेवण ठेवलेली बैठक त्या महिन्यात घेऊ नये.

सुरक्षिततेबाबत भिडस्तपणा उपयोगाचा नाही. रात्री इशाच्या नमाजानंतर तरावीहची, म्हणजे रमजानमधली खास, लांब नमाज असते आणि पहाटे सहरीला उठायचे असते, त्यामुळे भुकेपेक्षा अपुऱ्या झोपेचा ताण अधिक असतो. चहा-कॉफीची सवय असलेल्यांचे डोके पहिले तीन-चार दिवस हटकून दुखते. भट्टीजवळचे काम, उंचीवरचे काम आणि फोर्कलिफ्ट चालवणे यांसाठी सुपरवायझरने रोजच्या टूलबॉक्स चर्चेत (काम सुरू होण्याआधीच्या सुरक्षिततेच्या चर्चेत) सगळ्यांनाच एक प्रश्न विचारावा की आज कोणाला थकवा किंवा चक्कर जाणवते आहे का. तो प्रश्न उन्हाळ्यात तसाही विचारायचा असतो. मधुमेह असलेल्यांनी महिना सुरू होण्याआधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, असे कारखान्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने सुचवावे. रक्तातली साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली किंवा ३०० च्या वर चढली, तर रोजा सोडावा अशी डॉक्टरांची शिफारस असते, आणि जिवावर बेतत असताना रोजा सोडायला धर्माचीही आडकाठी नाही. मात्र काळजीच्या नावाखाली कोणाला न विचारता जबाबदारीच्या कामावरून बाजूला करू नये. ग्राहकासमोरचे सादरीकरण ‘तुमचा उपवास आहे ना’ म्हणून दुसऱ्याला देणे ही सवलत नसून डावलणे आहे. आधी त्या माणसाला विचारावे. बहुतेक वेळा तो सकाळची वेळ मागेल, आणि ती देणे अवघड नसते.

आखातात नोकरी करून परतलेले काही जण विचारतात की तिकडे कामाचे तासच कमी होतात, मग इथे का नाही. संयुक्त अरब अमिरातीत खासगी कंपन्यांमध्ये रमजानमध्ये रोजचे दोन तास कमी करण्याचा नियम आहे, तो सर्व धर्मांच्या कर्मचाऱ्यांना लागू असतो आणि दुबईतले कितीतरी मराठी लोक त्याचा लाभ घेतात. आपल्याकडे खासगी कारखान्यावर तसे बंधन नाही आणि तशी अपेक्षाही मला कधी जोराने ऐकू आलेली नाही. लोकांना तास कमी नको असतात, पावणेसातची पंधरा मिनिटे हवी असतात.

एवढे झाले की मग सामूहिक इफ्तारकडे वळावे. तो पहिल्या दोन आठवड्यांत ठेवावा, कारण शेवटच्या दहा दिवसांत बरेच जण संध्याकाळी लवकर घर किंवा मशीद गाठू पाहतात आणि ईदच्या खरेदीचीही धावपळ असते. जेवण शाकाहारीच ठेवावे असे माझे ठाम मत आहे. मांसाहार आणला की हलालचा प्रश्न येतो, मग हलाल नको म्हणणाऱ्यांचा येतो, मग कॅन्टीनच्या भांड्यांचा येतो, आणि आठवडाभर चर्चा बिर्याणीभोवतीच फिरत राहते. खजूर, कापलेली फळे, फ्रूट चाट, कांदाभजी, समोसे, रूह अफजा किंवा लिंबू सरबत आणि पाठोपाठ पुलाव एवढ्यात उत्तम इफ्तार होतो. ज्यांना नल्ली निहारी आणि मालपुवा हवा असेल, त्यांना मुंबईच्या मिनारा मशिदीजवळची गल्ली किंवा पुण्याचा मोमिनपुरा कुठे पळून जात नाही.

या संध्याकाळची खरी कसोटी वेगळीच असते. प्रत्येक मोठ्या ऑफिसात दोन-चार जैन सहकारी सूर्यास्तानंतर न जेवणारे असतात, आणि रोजेदार तर सूर्यास्ताआधी पाण्याचा घोटही घेत नाहीत. एकाच टेबलावर या दोघांना बसवायचे, तर ताटे सव्वासहापासून वाढायला सुरुवात करावी, ज्यांना आधी खायचे आहे त्यांनी निवांत खावे, आणि रोजेदारांच्या पुढ्यात पाणी व खजूर सहा-पस्तीसला मांडून ठेवावेत. कांदा-लसूण नसलेला एखादा पदार्थ वेगळ्या डब्यात असावा. शिया सहकारी सूर्यास्तानंतर दहा-पंधरा मिनिटे थांबून रोजा सोडतात, तेव्हा ‘चला, सगळ्यांनी एकदम’ अशी घोषणा माइकवरून करू नये. ज्याची वेळ झाली तो आपापला दुआ म्हणून सुरुवात करतो. भाषणे असलीच तर ती साडेसहाच्या आत संपवावीत. तेरा तास उपाशी असलेल्या माणसाला सूर्यास्तानंतर सरव्यवस्थापकांचे चार शब्द ऐकवणे हा क्रूरपणा आहे. खर्च कंपनीने करावा. मुस्लिम कर्मचाऱ्यांकडून वर्गणी काढून इतरांना जेवू घालायचे आणि त्याला कंपनीचा कार्यक्रम म्हणायचे, हे बरे दिसत नाही. फलकाचा मजकूर एखाद्या जाणत्या सहकाऱ्याला आधी दाखवावा, कारण जे डिझाइन खाते शोकाच्या मोहरमला हौसेने ‘हॅपी मोहरम’ लिहून पाठवते, तेच खाते रमजानचा फलकही करत असते.

‘हे नवीन कशाला’ म्हणणाऱ्यांशी वाद घालण्यापेक्षा त्यांना कारखान्यातलेच दाखले द्यावेत. खंडेनवमीला सगळ्या मशीनना झेंडूची माळ चढते, आणि ती चढवणाऱ्यांत मुस्लिम ऑपरेटरही असतात. ज्याला पूजेला उभे राहायचे नसते तो बाजूला थांबतो आणि कोणी त्याला जाब विचारत नाही. आषाढी एकादशीला कॅन्टीनमध्ये साबुदाण्याची खिचडी निघते, नवरात्रात उपवासाचे ताट वेगळे असते. उपवास सांभाळण्याची सवय कारखान्याला आधीपासून आहे. आता ती आणखी एका महिन्याला लावायची, इतकेच. उलट बाजूने, इफ्तारला न येणाऱ्यालाही कोणी ‘का आला नाहीस’ असे विचारू नये. हजेरी घेतलेला सलोखा मला तरी रुचत नाही.

सगळ्यात जास्त भांडणे होतात ती ईदच्या रजेवरून. महिना २९ दिवसांचा की ३० चा हे आदल्या संध्याकाळी चंद्र दिसल्यावर ठरते, आणि सुपरवायझरला मात्र रजेचा अर्ज आठ दिवस आधी तारखेसह हवा असतो. अर्जातच ‘चंद्रदर्शनानुसार अमुक किंवा तमुक तारीख’ असे लिहिण्याची सोय करावी आणि दोन्ही दिवसांसाठी रिलिव्हर ठरवून ठेवावेत. सगळ्या मुस्लिम सहकाऱ्यांची ईद एकाच दिवशी असते असेही गृहीत धरू नये. दाऊदी बोहरा समाज गणिताने ठरलेले स्वतःचे पंचांग वापरतो, त्यामुळे त्यांचा रमजान आणि ईद सहसा एक-दोन दिवस आधी येते. २०२४ मध्ये केरळमध्ये ईद १० एप्रिलला झाली आणि महाराष्ट्रात ११ एप्रिलला. म्हणजे एकाच खात्यातल्या मलबारी आणि सोलापुरी सहकाऱ्यांच्या रजा वेगळ्या पडू शकतात. दुकाने व आस्थापनांसाठीच्या २०१७ च्या महाराष्ट्र कायद्यात वर्षाला आठ भरपगारी सणाच्या सुट्ट्या आहेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर सोडून उरलेल्या चार सुट्ट्या मालक आणि कर्मचाऱ्यांनी वर्ष सुरू होण्याआधी परस्परसंमतीने ठरवायच्या असतात. आपला कारखाना त्या कायद्याखाली येत नसला, तरी ही पद्धत उचलण्याजोगी आहे, आणि यादी ठरवतानाच रमजान ईदचा विचार झाला तर ऐनवेळी तारांबळ उडत नाही.

गेल्या काही वर्षांत गुढीपाडवा आणि ईद अगदी लागून येत होत्या: २०२४ मध्ये ९ आणि ११ एप्रिल, २०२५ मध्ये ३० आणि ३१ मार्च. दोन्ही सण अमावास्येनंतरच्या पहिल्या एक-दोन दिवसांतले असल्यामुळे हे जुळत होते. पण २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्याने २०२७ चा पाडवा एप्रिलमध्ये जातो आणि ईद मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास येते, म्हणून ‘पाडव्याला तुम्ही, ईदला आम्ही’ अशी जी शिफ्टची अदलाबदल लोक आपापसांत करत होते, ती आता नव्याने ठरवावी लागेल. अशी अदलाबदल दिवाळीच्या लक्ष्मीपूजनाला पूर्वापार चालत आली आहे आणि ती अतिशय चांगली आहे, फक्त ती दोघांच्या राजीखुशीने व्हावी आणि रजिस्टरवर यावी; सुपरवायझरने ती गृहीत धरली, की दर दिवाळीला तीच चार नावे नाइट शिफ्टला दिसू लागतात.

पैशांचेही असेच आहे. दिवाळीला बोनस आणि उचल मिळते, ईदला मात्र पगाराची तारीख आडवी येते. २०२५ ची ईद ३१ मार्चला, ऐन वर्षअखेरीला होती, आणि खासगी कारखान्यांतला पगार त्यानंतर सातेक तारखेपर्यंत होणार होता. घरात मुलांचे कपडे, शीरखुर्म्याचा सुकामेवा आणि ईदच्या नमाजाआधी गरिबांना द्यायचा फितरा असे सगळे खर्च त्याच आठवड्यात येतात. सणासाठी उचल देण्याची सोय असेल, तर कर्मचाऱ्याने वर्षातून एकदा स्वतःच्या पसंतीच्या सणाला ती घ्यावी असा नियम करावा; लेखा विभागाला त्यात एक रुपयाचाही जादा भार नाही. जकात (धर्माने सांगितलेले दान) आणि देणग्यांच्या व्यवहारात मात्र कंपनीने पडू नये.

ईद झाल्यावर चहाची सुट्टी साडेपाचला परत नेताना एक विचारणा अवश्य करावी. काही जण पुढच्या शव्वाल महिन्यात आणखी सहा रोजे ठेवतात. ते थोडेच असतात आणि त्यांच्यासाठी सगळी लाइन थांबवणे योग्य होणार नाही. तिथे एक रिलिव्हर दहा मिनिटे दिला तरी भागते, आणि तोपर्यंत लाइनवरच्या मंडळींनी ती सोय आपापसांत लावूनही घेतलेली असते.